मजुरांच्या खोपटांची फी

मांजर्लीच्या आसपास दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर पडणारी खोपटं आपण पाहिलेली आहेत. त्यांच्या तपासणीचा खर्च कोणी करायचा? ऊसपट्ट्यातही हाच प्रश्न.

1979 साली केंद्राने स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. ठेकेदाराने फी भरून परवाना घ्यायचा, मजुरांना राहण्याजोगा निवारा द्यायचा, असं त्यात होतं. पण मजूर परराज्यातला हवा होता! बीडचा ऊसतोड्या कोल्हापूरला गेला, तरी तो राज्यातच राहिला. कायद्याला राज्याची वेस दिसली, जिल्ह्याची नाही. त्याची कोपी बाहेरच राहिली. पुढे गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांनी दर टन गाळपामागे 10 रुपये द्यायचे ठरले. म्हणजे आकारणी टनावर झाली, कोपीवर नव्हे.

आपल्या बांधावर मजुरांचं खोपट असेल, तर पाण्याचं पिंप झाकलेलं आहे का, एवढं आजच पाहून या. त्याला फी लागत नाही.