इंजिनचे सुटे भाग गंजतात ते वापराने नाही, ठेवण्याने!

मंडळी, विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन असो की आजोबांची स्कूटर, अशा गाड्यांचे भाग आता सहज मिळत नाहीत. म्हणून लोक लायनर, पिस्टन रिंगा, बेअरिंग, क्रँकशाफ्ट मिळतील तेव्हा घेऊन ठेवतात. आणि दोन पावसाळ्यांनी खोकं उघडावं, तर आत तांबूस भुकटी!

लोखंडाला गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतं. पाणी म्हणजे पाऊसच अंगावर पडायला हवा असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग धरतो, आणि कोकणात पावसाळाभर ती याहून खूप जास्त असते. त्यात आपल्या बोटांचा घाम. घामात मीठ असतं, त्यामुळे चकचकीत बेअरिंगवर काही दिवसांनी चक्क बोटाचा ठसा गंजून उमटतो. बाहेरच्या कव्हरवर गंज आला तर घासून निघेल. पण बेअरिंगच्या गोळ्यांवर किंवा लायनरच्या आत बारीक खड्डे पडले, तर तो भाग भंगारातच जमा.

मग करायचं काय? भाग रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडा करा, हातमोजे घालून त्यावर स्वच्छ ऑइल किंवा ग्रीसचा थर द्या. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल फुकटचं म्हणून लावू नका. त्यात इंधन जळून तयार झालेली आम्लं आणि पाणी असतं, म्हणजे रोगच औषध म्हणून दिल्यासारखं! डब्ल्यूडी-४० चा फवारा ओल हटवायला उत्तम, पण त्याचा थर पातळ असतो. वर्षभराची भिस्त त्यावर नको.

यानंतर व्हीसीआय कागद. या कागदातून निघणारी रासायनिक वाफ धातूवर अदृश्य थर धरते. मात्र पिशवी बंद हवी, नाहीतर वाफ उडून जाते. सोबत सिलिका जेलची पुडी टाका. रंग बदलणारे दाणे ओल शोषून गुलाबी किंवा हिरवे झाले, की साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात (स्वयंपाकाच्या भांड्यात नको). नवं बेअरिंग असेल, तर कंपनीचं पाकीट बसवायच्या दिवसापर्यंत फोडूच नका.

जागाही बघा. थेट फरशीवर नको, फळीवर ठेवा. पुठ्ठ्याचं खोकं ओल धरतं. शेतघरात तर आणखी एक गंमत होते: सुटे भाग आणि खताची पोती एकाच कोपऱ्यात! युरिया, पोटॅश हवेतलं पाणी ओढतात आणि पोटॅशमधलं क्लोराइड लोखंडाला मिठाइतकंच वाईट. बॅटरीही शेजारी नको, तिची आम्लाची वाफ असते.

लांब क्रँकशाफ्ट शक्यतो उभा, पडणार नाही असा बांधून ठेवतात. आडवा नीट आधाराविना पडून राहिला तर वाकू शकतो. रबरी सील आणि गॅस्केट मात्र या ग्रीसच्या पसाऱ्यात टाकू नका. त्यांना वेगळ्या पिशवीत, अंधारात आणि थंड जागी ठेवा.

दिवाळीच्या साफसफाईत एकदा सगळं उघडून बघा, ऑइल सुकलेलं दिसलं तर पुन्हा लावा. पिशवीवर भागाचं नाव आणि तारीख लिहिलेली असली, म्हणजे दरवेळी दहा पिशव्या फोडाव्या लागत नाहीत.