'तांत्रिक बिघाड' आणि मालफंक्शन ५४

परवा पुतण्या भेटला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. म्हटलं, एथिक्सचा पेपर कसा गेला? हसला. "काका, तो आदल्या रात्री वाचूनही निघतो." चूक त्याची नाही. नुसत्या व्याख्या पाठ करायला दिल्या की असंच होणार.

खरं तर हा विषय जुना आहे. अमेरिकेत वॉल्टर मेनर या प्राध्यापकाने १९७८ मध्येच तो शिकवणाऱ्यांसाठी एक संच तयार केला होता. पण वर्गात सगळ्यात जास्त टिकली ती एका मशीनची गोष्ट.

थेरॅक-२५. कॅनडाच्या सरकारी कंपनीचं, कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा झोत अडवायला वेगळी यंत्रणा होती. इथे ती काढली आणि सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. १९८५ ते १९८७ या काळात सहा जणांना बेसुमार डोस गेला, किमान तिघे दगावले.

मार्च १९८६. टेक्सासमधलं टायलर शहर. ऑपरेटर बाईंनी 'ई'ऐवजी 'एक्स' दाबलं, लगेच दुरुस्त केलं. स्क्रीनवर आलं 'मालफंक्शन ५४'. त्याचा अर्थ त्यांच्या पुस्तकात नव्हता. असले मेसेज रोजचेच, म्हणून त्यांनी 'पुढे चालू'चं बटण दाबलं. आत माणूस भाजत होता. कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद, इंटरकॉमही बिघडलेला. कंपनीचे इंजिनिअर आले, म्हणाले, जादा डोस जाणं शक्यच नाही. मशीन परत सुरू. तीन आठवड्यांत दुसरा रुग्ण.

मग हॉस्पिटलचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर त्याच बाईंना घेऊन बसले, पुन्हापुन्हा टाइप करून पाहिलं. उलगडा झाला! दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत केली तर मशीनला ती नीट कळतच नव्हती. म्हणजे जिचा हात बसलेला, तिच्याच हातून घात.

१९९३ मध्ये नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी हा सगळा तपास छापला. तो आजही वर्गात वाचायला देतात.

मी इतकी वर्षं बातम्या लिहितोय. रेशन दुकानात म्हातारीचा अंगठा लागत नाही, ती रिकाम्या पिशवीनं परत जाते. मी लिहितो, 'तांत्रिक बिघाडामुळे'. तो कोड कोणी लिहिला, कोणी तपासला, हे एकदाही विचारलं नाही.

पुतण्याला तो तपास पाठवला. रात्री मेसेज आला, "काका, एवढा सगळा कोड एकाच माणसाने लिहिला होता?"

हो, एकाच.