गलवानचा खेळ आणि संयमाचा नियम

युद्धविषयक खेळांचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने दोन अंगांनी करावयास हवा. खेळ रचणाऱ्याने युद्धाचे कोणते रूप पटावर वा पडद्यावर मांडले, हे एक अंग. आणि खेळणाऱ्यांनी ते कसे स्वीकारले अथवा नाकारले, हे दुसरे. पहिल्या अंगाची साधने सहज हाती येतात. समाजाच्या युद्धविषयक समजुतीवर मात्र दुसऱ्या अंगाने अधिक प्रकाश पडतो. प्रस्तुत लेखात ‘फौ-जी’ या मोबाइलवरील भारतीय खेळाच्या स्वागताचे उदाहरण घेऊन या दुसऱ्या अंगाचा विचार केला आहे, व तुलनेसाठी आपल्याकडील देशी बुद्धिबळाचा आधार घेतला आहे.

प्रथम मूळ प्रसंग पाहू. १५ जून २०२० च्या रात्री पूर्व लडाखमधील गलवान खोऱ्यात भारतीय व चिनी सैनिकांत झटापट होऊन भारताचे २० सैनिक कामी आले. या झटापटीत गोळीबार झाला नाही. दगड, दांडकी आणि प्रत्यक्ष हातघाई यांवरच सारे निभावले. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करू नये, असे १९९६ च्या भारत-चीन कराराच्या सहाव्या कलमात ठरले होते. आपल्या सैनिकांजवळ शस्त्रे होती, पण समोरासमोरच्या प्रसंगी ती न वापरण्याचा प्रघात या करारामुळे पडलेला होता, असा खुलासा परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी १८ जून रोजी केला. म्हणजेच बंदुकीचा आवाज न होणे ही येथे साधनांची उणीव नव्हती. हाती शस्त्र असता पाळलेला तो निर्बंध होता. पुढील विवेचन या भेदावरच उभे आहे.

२ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत तरुणांमध्ये अतिशय लोकप्रिय असलेला ‘पबजी मोबाइल’ हा खेळही होता. लगेच दोन दिवसांनी अभिनेते अक्षय कुमार यांनी ‘फौ-जी’ची घोषणा केली. बंगळूरच्या एनकोर गेम्स या संस्थेने तो काढला. तिचे संस्थापक विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत इंडियागेम्स ही संस्था स्थापन केली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. निव्वळ उत्पन्नाचा वीस टक्के भाग ‘भारत के वीर’ निधीस देण्याचे जाहीर झाले. नोंदणी सुरू होताच चोवीस तासांत दहा लाखांहून अधिक जणांनी नावे नोंदविली, आणि २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ प्रसिद्ध झाला.

खेळाची मांडणी अगदी मोजकी होती. सीमेवरील गस्तीच्या तुकडीतील सैनिकाची भूमिका खेळणाऱ्याकडे येई. ठोसे आणि हाती लागेल ते हत्यार यांनी लढावयाचे, शेकोटीजवळ थांबून शक्ती भरून घ्यावयाची आणि पुढे चालावयाचे, एवढाच व्यवहार. एकाच वेळी अनेकांनी मिळून खेळण्याची सोय प्रारंभी नव्हती. खेळणाऱ्यांचा उत्साह काही दिवसांतच ओसरला, आणि प्ले स्टोअरवरील सरासरी गुण घसरून पाचांपैकी तीनच्या आसपास आले. बंदुका नाहीत, सोबती नाहीत, त्याच त्या हालचाली पुन:पुन्हा कराव्या लागतात, असा आक्षेपांचा सूर होता.

येथे एक विसंगती दिसते. गलवानच्या प्रसंगात गोळी सुटली नव्हती. म्हणून बंदूक नसणे ही या खेळातील सर्वांत इतिहासनिष्ठ गोष्ट होय. आणि नेमकी तीच खेळणाऱ्यांना उणीव वाटली! यावरून खेळणाऱ्यांना इतिहासाची चाड नव्हती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. त्याचप्रमाणे, साधने मोजकी असल्यामुळे खेळ नीरस झाला, हेही समाधानकारक उत्तर नव्हे. चौसष्ट घरे, प्रत्येकी सोळा मोहरी आणि बोटांवर मोजता येतील एवढ्या चाली, इतक्याच सामग्रीवर बुद्धिबळाने शतकानुशतके माणसांना खिळवून ठेवले आहे.

देशी बुद्धिबळाचे नियम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. त्यांत स्थलपरत्वे भेद असले, तरी काही गोष्टी बऱ्याच ठिकाणी आढळतात. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. शह बसलेला नसल्यास राजाला एकदा घोड्याची चाल करता येई. शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याला त्या घरच्या मूळ मोहऱ्याचा दर्जा मिळे. आणि प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरला, तर डाव ‘बुर्जी’ होई. म्हणजे जिंकणाऱ्याच्या हातचा पूर्ण विजय निसटे. त्यामुळे पूर्ण जय हवा असेल, तर शत्रूचे एखादे मोहरे जाणूनबुजून जिवंत ठेवून मात करावी लागे. येथे संयम उपदेशाच्या रूपाने येत नाही. मारता येण्याजोगे मोहरे समोर उभे असते, हात शिवशिवत असतो, आणि न मारण्याचा निर्णय खेळणाऱ्याला स्वत: घ्यावा लागतो.

‘फौ-जी’त नेमके हेच नव्हते. बंदूक खांद्यावर आहे, सहकारी पडत आहेत आणि तरीही गोळी झाडावयाची नाही, हा तुकडीच्या नायकावरील खरा भार होता. खेळात बंदूकच दिली नाही; मग ती न वापरण्याचा भार खेळणाऱ्याच्या वाट्याला येणार कसा? त्यामुळे इतिहासातील निर्बंध पडद्यावर केवळ उणीव होऊन आला, आणि खेळणाऱ्यांनी त्याला उणीव म्हटले. त्यांचा कौल रचनेपुरता यथार्थ होता, असेच म्हणावे लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. बुर्जीचा नियम इतका अर्थपूर्ण होता, तर आपल्या खेळाडूंनी तो टाकला कसा? युरोपीय रीतीस अनुसरून रचलेल्या डावांचे त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे पुस्तक मुंबईत १८१४ मध्येच छापले गेले होते. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, आणि १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. परगावच्या व परदेशच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळावयाचे, तर नियम एक असणे भागच होते. म्हणजे खेळ स्वीकारताना त्यातील अर्थाइतकीच, किंबहुना अधिक, सोबत्यांची ओढ बलवत्तर ठरते. ‘फौ-जी’च्या बाबतीतही असेच घडले. जून २०२१ मध्ये त्यात संघासंघांतील बंदुकीच्या लढतीचा प्रकार चाचणीदाखल आला. खेळ खेळणाऱ्यांच्या जवळ गेला आणि गलवानपासून दूर सरला.

अशा साधनांचा उपयोग करताना सावधगिरी हवी. गुणांच्या सरासरीत तांत्रिक तक्रार, देशप्रेमाने दिलेले पाच गुण आणि पबजीच्या वियोगाचा राग हे सारे एकत्र मिसळलेले असते. अभिप्राय लिहिणारे म्हणजे सर्व खेळणारे नव्हेत. अभिप्राय काढूनही टाकले जातात; म्हणून दिनांकासह त्यांची नोंद वेळीच करून ठेवणे अगत्याचे आहे.

या अभ्यासाचे क्षेत्र दूर शोधावयास नको. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा त्यास योग्य आहे. नंदुरबार, शहादे, तळोदे येथील वृद्धांकडून बुर्जीचे, तसेच वाघ-बकरीसारख्या खड्यांच्या खेळाचे नियम मिळतात काय, हे विद्यार्थ्यांनी पाहावे. आणि त्याच घरांतील तरुणांना मोबाइलवरील युद्धखेळांविषयी विचारावे. दोहोंनाही प्रश्न एकच असावा: मारता येत असता न मारण्याची वेळ या खेळात तुमच्यावर कधी आली काय? त्या उत्तरांतून दोन पिढ्यांच्या युद्धकल्पनेतील अंतर मोजता येईल. गुणांची सरासरी ते सांगू शकणार नाही.