विद्यार्थी स्वयंसेवक : सक्ती की स्वेच्छा?

वसतिगृहात रात्री दोन वाजता कोणी कोसळले, तर रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे कोणाच्या हाती असतात? शेजारच्या खोलीतल्या मुलांच्या. म्हणून विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांचे आपत्कालीन पथक हवे. पण त्यात सर्वांना सक्तीने घ्यावे की इच्छुकांनाच? या प्रश्नाला दिल्लीत घडलेला इतिहास आहे.

१९५९ मध्ये केंद्र सरकारने चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. शाळा संपवून विद्यापीठात येणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सेवा करावीच, अशी शिफारस समितीने केली. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती मागे पडली. पुढच्याच वर्षी के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतील योजनांचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिक असावी असे सुचवले.

१९६२ मध्ये देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले आणि सक्तीचा विचार पुन्हा पुढे आला. १९६३ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना महाविद्यालयांत सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. स्वेच्छेची बाजू जिंकली.

मात्र यातून अर्धाच धडा घेऊ नका. स्वेच्छेने माणसे मिळतात, कौशल्य मिळत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावी लागते. हे पुस्तक वाचून जमत नाही. पुतळ्यावर सराव करावा लागतो, आणि तो काही महिन्यांत विसरतोही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यातले थोडे तास या सरावाला सहज देता येतील.

म्हणजे देशमुखांचा आग्रह पूर्ण चुकीचा नव्हता. तो फक्त चुकीच्या जागी होता. पथकात येणे ऐच्छिक असावे. आल्यावर सराव मात्र सक्तीचा असावा.

आता तुमच्या मजल्यावर हे कोणाला येते, ते आजच विचारून पाहा. कोणालाच येत नसेल, तर सुरुवात तुमच्यापासून करा.