सायकलस्वाराची नुकसानभरपाई : अपघाताच्या वाक्यातील कर्त्याचा शोध

प्रस्तुत लेखाचा विषय कायद्याच्या इतिहासातील असला, तरी त्याकडे पाहण्याची दृष्टी भाषेच्या अभ्यासकाची आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या सायकलस्वारास भरपाई कोणी द्यावयाची, आणि कोणती गोष्ट सिद्ध झाल्यावर द्यावयाची, या प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे वारंवार बदलत गेली आहेत. त्या बदलांचा माग काढू लागले असता एक व्याकरणाचा प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो : अपघाताच्या वाक्यात कर्ता कोण?

बोदवडसारख्या गावाचे उदाहरण घ्यावे. १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गावरील हे स्थानक, कापसाची जुनी बाजारपेठ, आणि आता जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठाणे. भुसावळ, जामनेर, मलकापूर आणि मुक्ताईनगर या चारही दिशांना येथून रस्ते फुटतात. कापसाच्या हंगामात या रस्त्यांवर मालमोटारी, बैलगाड्या आणि सायकली एकाच अरुंद डांबरी पट्ट्यावरून जातात, आणि त्यांपैकी कोणी कोणासाठी कडेला उतरावयाचे हे वाहनाच्या वजनावरून ठरते. अशा रस्त्यावर कोणी पडला की आपल्याकडे ‘ट्रकने उडविले’ किंवा ‘गाडीने ठोस मारली’ असे म्हणतात. या वाक्यांत चालकाचा उल्लेख नाही. ‘रामाने काठीने साप मारला’ या वाक्यात पहिले ‘ने’ कर्त्याचे व दुसरे करणाचे, हे शाळकरी विद्यार्थीही सांगेल; परंतु ‘ट्रकने उडविले’ यातील ‘ने’ कोणते? बोलणाऱ्याच्या मनात ट्रक हे हत्यार नसते. तोच मारणारा असतो.

पोलीस ठाण्यात हेच वाक्य फिर्यादीत उतरते तेव्हा त्याचे रूप पालटते. ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’ हा साचा महाराष्ट्रातील कोणत्याही ठाण्यात आढळेल. त्याच्या ओबडधोबडपणाची थट्टा करण्याची प्रथा आहे. ती मला मान्य नाही. या साच्यातील प्रत्येक शब्द आपले काम करतो. ‘आपल्या ताब्यातील’ या शब्दांनी ट्रक पुन्हा करण होतो आणि त्याच्या मागे एक मनुष्य उभा राहतो. ‘हयगयीने व अविचाराने’ या शब्दांनी त्या मनुष्यावर दोष येतो. १८६० च्या दंडसंहितेतील कलम २७९ व पुढे आलेले कलम ३०४-अ यांना हवा असलेला कर्ता असा घडविला जाई. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे २८१ व १०६ असे झाले, तरी दोष असलेला मनुष्य दाखविण्याची आवश्यकता तशीच आहे.

फौजदारी शिक्षेने मात्र जखमी मनुष्याच्या घरी धान्य येत नाही. भरपाईसाठी दिवाणी दावा हाच प्रारंभी एक मार्ग होता. मृताच्या वारसांना असा दावा करता येऊ लागला तो १८५५ च्या तेराव्या अधिनियमाने, म्हणजे इंग्लंडमधील १८४६ च्या लॉर्ड कॅम्पबेलच्या कायद्याच्या धर्तीवर. पती, पत्नी, आईबाप व मुले एवढ्यांपुरताच तो हक्क होता. जखमी सायकलस्वारास स्वतः दावा करावयाचा, तर मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावयाची, १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे एका वर्षाच्या आत जावयाचे, चालकाची हयगय साक्षीपुराव्याने शाबीत करावयाची; आणि एवढे होऊन हुकूमनामा मिळाला, तरी चालक कफल्लक निघाल्यास तो कागदच राही. सालदाराने अथवा जिनातल्या हमालाने असा दावा पूर्व खानदेशात कितीदा केला असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

पहिला मोठा पालट १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने झाला. त्यातील सक्तीच्या विम्याचे आठवे प्रकरण १ जुलै १९४६ रोजी अंमलात आले. (इंग्लंडने ही सक्ती १९३० मध्येच केली होती.) या प्रकरणात सायकलस्वाराचे नाव कोठेही नाही. तो त्यात आहे तो ‘तिसरा पक्ष’ म्हणून. विम्याच्या करारात एक मालक व दुसरी कंपनी. उरलेले सारे जग तिसरे. मराठीत यासाठी ‘त्रयस्थ पक्ष’ हा शब्द रूढ झाला. बोलीत त्याच अर्थाचा ‘तिऱ्हाईत’ हा शब्द आहे, आणि ज्याचा त्या प्रकरणाशी काही संबंध नाही त्यास आपण तिऱ्हाईत म्हणतो. ज्याचा पाय मोडला तोच कायद्याच्या भाषेत तिऱ्हाईत ठरावा, हा शब्दाचा खेळ क्रूर वाटतो खरा; पण त्या तिऱ्हाईतपणातच त्याचा हक्क होता. हुकूमनामा झाल्यावर पैसे द्यावयास एक सधन कंपनी उभी राहिली. मालमोटारीच्या बाबतीत तिच्या दायित्वाची मर्यादा प्रथम सर्व मिळून २०,००० रुपये होती. ती १९६९ च्या दुरुस्तीने ५०,००० झाली, १९८२ च्या दुरुस्तीने दीड लाख झाली, आणि मृत्यू व शारीरिक इजेपुरती ती १९८८ च्या अधिनियमाने नाहीशी झाली.

न्यायाधिकरणे आली ती १९५६ च्या दुरुस्तीने, १६ फेब्रुवारी १९५७ पासून. दिवाणी न्यायालयाऐवजी एका अर्जावर काम चालू लागले. मात्र मुदत केवळ ६० दिवसांची होती, म्हणजे हाड सांधण्यापूर्वीच ती संपावयाची. १९६९ मध्ये ती सहा महिने झाली. याच दुरुस्तीतील दुसरी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. १९५७ ची न्यायाधिकरणे मृत्यू आणि शारीरिक इजा यांचाच विचार करीत. मालमत्तेचे नुकसान त्यांच्या कक्षेबाहेर होते. म्हणजे सायकलस्वाराच्या मोडलेल्या पायाचा अर्ज एका ठिकाणी आणि मोडलेल्या सायकलीचा दावा दुसऱ्या ठिकाणी! ज्याची रोजची मजुरी त्या सायकलीवर अवलंबून, त्यास हा भेद समजावून सांगणे कठीणच होते. १९६९ च्या दुरुस्तीने मालमत्तेचे नुकसानही न्यायाधिकरणापुढे आले, आणि विम्याची त्यासाठीची मर्यादा २,००० रुपये ठरली.

मंच बदलला, विमा आला, परंतु वाक्याचा कर्ता अद्याप तोच होता. न्यायाधिकरणापुढेही चालकाची हयगय सिद्ध करावी लागते काय? मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात याचे उत्तर नकारार्थी दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या ‘मिनू मेहता’ निकालात ते मत फिरविले : विम्याची सक्ती झाली म्हणून दोषाचे तत्त्व संपत नाही; मालकावर दायित्व येण्यासाठी हयगय दाखविलीच पाहिजे. तर्कदृष्ट्या या निकालात खोट काढणे अवघड आहे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ असा की, रात्रीच्या वेळी साक्षीदाराविना रस्त्यावर पडलेल्या मनुष्याने आपणास कोणी व कसे पाडले, हे सांगावयाचे.

याचे उत्तर संसदेने दिले. १ ऑक्टोबर १९८२ पासून अंमलात आलेल्या कलम ९२-अ ने मृत्यूबद्दल १५,००० आणि कायम अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये, कोणाचाही दोष न पाहता, देण्याचे ठरविले. पुढे या रकमा १९८८ च्या अधिनियमाने २५,००० व १२,०००, आणि १९९४ च्या दुरुस्तीने ५०,००० व २५,००० झाल्या. रकमा लहान, पण तत्त्व मोठे. अर्जदाराने चालकाची चूक मांडावयाची नाही, आणि अर्जदाराच्या चुकीमुळे त्याची मागणी कमी व्हावयाची नाही. मोटारीच्या वापरातून अपघात झाला एवढे पुरे. दुसऱ्या शब्दांत, ‘ट्रकने उडविले’ हे वाक्य, फिर्यादीतील साच्यात न घालता, कायद्याने जसेच्या तसे प्रथमच स्वीकारले.

या ठरावीक रकमेपलीकडे जावयाचे झाल्यास दोषाचे गणित अजून चालतेच, आणि तेथे सायकलस्वाराचाही दोष मोजला जातो. मुंबई महानगरपालिकेची बस व एक सायकलस्वार यांच्या अपघाताविषयी २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात, तो चुकीच्या बाजूने येत होता म्हणून त्याचा वाटा २५ टक्के धरण्यात आला. बाजू चुकणे ही चूक खरीच. परंतु अनेक टनांची बस आणि जेमतेम पंधरावीस किलोंची सायकल यांच्या चुका एकाच तराजूत घालाव्यात काय, हा प्रश्न उरतो. फ्रान्सने ५ जुलै १९८५ च्या कायद्याने सायकलस्वाराची साधी चूक त्याच्या शारीरिक इजेच्या भरपाईआड येऊ दिली नाही. नेदरलंड्समध्ये चौदा वर्षांखालील सायकलस्वारास, हेतुपुरस्सर वा त्यासारखा बेदरकारपणा नसल्यास, पूर्ण भरपाई मिळते. आपल्याकडे १९९४ च्या तक्त्याने ज्यांना स्वतःचे उत्पन्न नव्हते त्यांच्यासाठी वार्षिक १५,००० रुपयांचे काल्पनिक उत्पन्न धरले, आणि तक्त्यात तो आकडा २०१८ पर्यंत तसाच राहिला.

आता राहिला तो अपघात, ज्यात कर्ता सापडतच नाही. ‘अज्ञात वाहनाने धडक दिली’ हे वाक्य खानदेशातील वृत्तपत्रांच्या वाचकांस परिचित आहे. अशा प्रसंगी १९८२ च्या दुरुस्तीने मृत्यूबद्दल ५,००० व गंभीर दुखापतीबद्दल १,००० रुपयांची तरतूद केली. १ एप्रिल २०२२ पासून या रकमा दोन लाख व ५०,००० आहेत. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे जात नाही; तो प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे जातो, म्हणजे बोदवडच्या मनुष्यास निदान आपल्या तालुक्यात तो करता येतो. वाहन ओळखले गेले, तर त्याच तारखेपासून लागू झालेल्या कलम १६४ प्रमाणे दोष न पाहता मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मिळतात. मात्र न्यायाधिकरणाकडील अर्जास १९९४ मध्ये उठविलेली मुदत पुन्हा सहा महिन्यांची झाली आहे. पंचनाम्यात वाहनाचा क्रमांक लिहिला जातो की ‘अज्ञात’ हा एक शब्द, यावर सायकलस्वाराच्या विधवेच्या हाती पडणाऱ्या रकमेत तीन लाखांचे अंतर पडते.