नऊ डॉलरचा आरोप

१९६८ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सत्तावीस वर्षांच्या एका मूकबधिर माणसावर दोन बायकांना लुबाडल्याचा आरोप आला. ऐवज दोन्ही मिळून नऊ डॉलरचा! समज बालवाडीतल्या पोराएवढी, अक्षरओळख नाही. खटला त्याला समजत नाही, म्हणून शहाणा होईपर्यंत डांबून ठेवा, असा हुकूम झाला. आणि तो शहाणा होईल अशी आशा डॉक्टरांना नव्हती. म्हणजे गुन्हा शाबीत न होताच जन्मठेप.

'याच्या डोक्यात काही शिरणार नाही' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ ऐकलं आहे. १९४९ साली पॉल फुलर या संशोधकाने ते खोटं पाडलं. काहीच शिकू शकणार नाही, असं ठरवून टाकलेला अठरा वर्षांचा एक मुलगा. हात जरा हलला की त्याच्या तोंडात साखरदूध. पोरगा हात उचलायला शिकला. स्किनरच्या वर्तनशास्त्राचा माणसावरचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. पण मुलाला आधी उपाशी ठेवलं होतं, हेही सांगायला हवं.

तीच मेख पुढे तुरुंगात दिसली. स्प्रिंगफील्डच्या सरकारी तुरुंग-रुग्णालयात १९७२ मध्ये 'स्टार्ट' योजना निघाली. ती मतिमंदांसाठी नव्हती, दांडग्या कैद्यांसाठी होती. संमती न विचारता आणायचं, सगळं काढून घ्यायचं, मग आठ पायऱ्यांनी थोडं थोडं परत द्यायचं. याला बक्षीस म्हणायचं? १९७४ मध्ये योजना गुंडाळली गेली.

१९७२ मध्येच अलाबामातले न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी पार्टलो या मतिमंदांच्या संस्थेसाठी किमान नियम घालून दिले. खाट, जेवण, भेटीगाठी हे हक्क. ते बक्षीस म्हणून 'कमवायला' लावता येणार नाहीत. वेदना देणाऱ्या उपचारांना संमती हवी, समितीची मंजुरी हवी. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. त्याने वर्तनोपचार बंद पाडले नाहीत, उपाशी ठेवण्याची सोय तेवढी काढून घेतली. मग शिकवणाऱ्याला खरंखुरं काहीतरी द्यावं लागतं.

आणि तो नऊ डॉलरवाला? त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा माणसाला वाजवी मुदतीपलीकडे अडकवता येणार नाही. आणि त्या मुदतीतही त्याची प्रगती होते आहे, हे सरकारला दाखवावं लागेल.