चार महिन्यांचा राजा

आज आपल्याला फ्रँक लोकांच्या राज्यात जायचं आहे. म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीचा पश्चिम भाग. काळ सहावं शतक, घराणं मेरोव्हिंजियन. या घराण्याची एक रीत आधी लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा गुंता सुटेल. राजा गेला की राज्य थोरल्याकडे जात नसे, वडिलोपार्जित जमिनीसारखं मुलांमध्ये वाटलं जाई. त्यामुळे भाऊबंदकी ही इथे अपघाताने आलेली गोष्ट नाही, ती व्यवस्थेतच होती.

५६१ साली पहिला क्लोथार वारला आणि चार मुलांत वाटणी झाली. त्यातले तिघे आपल्या कामाचे: गुंट्राम, सिगिबर्ट आणि चिल्पेरिक. सिगिबर्टने स्पेनमधल्या व्हिसिगॉथ राजाची मुलगी ब्रुनहिल्डा बायको केली. चिल्पेरिकने तिचीच बहीण गाल्सविंथा केली, आणि थोड्याच दिवसांत गाल्सविंथा बिछान्यात गळा दाबून मारलेली सापडली. चिल्पेरिकने लगेच फ्रेडेगुंडशी लग्न केलं. ही फ्रेडेगुंड राजवाड्यातली दासी होती. इथून दोन जावांचं वैर सुरू झालं. ५७५ साली व्हिट्री इथे फ्रेडेगुंडने पाठवलेल्या दोघा मारेकऱ्यांनी सिगिबर्टला संपवलं. त्याचा पाच वर्षांचा मुलगा चिल्डेबर्ट राजा झाला. म्हणजे आपल्या गोष्टीतला हा पहिला बालराजा. पण आज बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

फ्रेडेगुंडला मुलं झाली आणि गेली. ५८० सालच्या आमांशाच्या साथीत दोन मुलगे एकामागून एक गेले. त्या दुःखात तिने नव्या करांच्या वह्या आगीत टाकल्या आणि नवऱ्यालाही टाकायला लावल्या. गरिबांचे तळतळाट आपल्या लेकरांना भोवले, अशी तिची खात्री झाली होती. इतकी माणसं मारवणारी बाई, आणि ती असंही वागते! हे सांगणारा तूरचा बिशप ग्रेगरी तिचा अजिबात चाहता नव्हता, म्हणून मला ही नोंद जास्त खरी वाटते. चिल्पेरिकचे आधीच्या बायकोचे मुलगेही तोवर मेले किंवा मारले गेले होते. ५८४ मध्ये फ्रेडेगुंडचा आणखी एक मुलगा आमांशानेच गेला आणि त्याच वर्षी एक नवा जन्मला. चिल्पेरिकने त्याला लोकांसमोर आणलंच नाही. बाहेर दिसला तर काहीतरी वाईट होईल, म्हणून त्याला व्हिट्रीच्या वाड्यात गुपचूप वाढवायला सांगितलं. हो, तेच व्हिट्री.

काही महिन्यांतच, पॅरिसजवळ शेल इथे, शिकारीहून परतून घोड्यावरून उतरत असताना चिल्पेरिकला कुणीतरी भोसकलं. कुणी, यावर आजही वाद घालता येतो. फ्रेडेगुंडने पॅरिसच्या मुख्य चर्चमध्ये आसरा घेतला आणि दिराला, गुंट्रामला, निरोप धाडला. बाळ साधारण चार महिन्यांचं. त्याला आजोबांचं नाव मिळालं: क्लोथार.

गुंट्राम आला. त्याचे स्वतःचे मुलगे मेलेले, दोघा भावांचे खून झालेले. एका रविवारी चर्चमध्ये त्याने लोकांना विनवलं की मला माझ्या भावांसारखं मारू नका, निदान तीन वर्षं तरी या पुतण्यांना वाढवू द्या. एका राजाने प्रजेकडे स्वतःच्या जिवाची मुदत मागावी, यावरून काळ कसा होता ते समजा.

पण त्याच्या मनात एक किंतु होता. बाप्तिस्मा नाताळला करू, मग ईस्टरला, मग संत योहानाच्या सणाला, असं सांगून दरवेळी टाळलं गेलं आणि बाळ त्याला दाखवलंच नाही. हा माझ्या भावाचा मुलगा नाही, आपल्याच कुणा सरदाराचा असावा, असं तो उघड म्हणाला. तेव्हा फ्रेडेगुंडने तीन बिशप आणि तीनशे मानकरी उभे केले. सगळ्यांनी शपथ घेतली की बाप चिल्पेरिकच. आता त्या तीनशे जणांना शयनगृहातलं काय ठाऊक असणार? माझ्या मते त्यांना तसं विचारलंच नव्हतं. हा राजा आम्हाला हवा आहे, एवढंच ते सांगत होते. हे पोर नाकारलं असतं तर त्यांचा प्रदेश गुंट्राम आणि चिल्डेबर्ट यांच्यात वाटला गेला असता आणि त्यांची वतनं पणाला लागली असती. गुंट्रामलाही तेवढं पुरलं. ५९१ साली नांतेर इथे त्याने सात वर्षांच्या क्लोथारला बाप्तिस्म्याच्या कुंडातून स्वतः उचलून घेतलं. चिल्डेबर्टच्या वकिलांनी निषेध केला, तो त्याने कानाआड केला.

पुढे काका गेला आणि ५९७ मध्ये आईही गेली. ६०० साली चिल्डेबर्टच्या मुलांनी क्लोथारला असा मार दिला की त्याच्याकडे जेमतेम बारा परगणे उरले. तो थांबला. ते दोघे भाऊ आपसात लढले, एक मारला गेला, आणि ६१३ मध्ये दुसरा आमांशाने मेला. म्हाताऱ्या ब्रुनहिल्डाने अकरा-बारा वर्षांच्या पणतूला, दुसऱ्या सिगिबर्टला, गादीवर बसवलं. तिच्याच सरदारांनी दगा दिला आणि सैन्य न लढताच पांगलं.

क्लोथारने तिच्यावर दहा राजांच्या मृत्यूचा आरोप ठेवला. त्यातल्या काहींच्या रक्ताचे डाग त्याच्या आईच्या हातावर होते, पण ते विचारणार कोण? तीन दिवस छळ करून ब्रुनहिल्डाला उंटावरून सैन्यात फिरवलं आणि मग उधळत्या घोड्याला बांधून मारलं. पोरगेला सिगिबर्ट आणि त्याचा भाऊ कॉर्बस यांनाही ठार केलं. एक भाऊ पळाला, त्याचा पुन्हा पत्ता लागला नाही.

चौथा, सगळ्यात धाकटा, मेरोव्हेक. त्याला मात्र क्लोथारने हात लावला नाही, गुपचूप आपल्या मुलखात धाडून जगू दिलं. कारण या मुलाचा धर्मपिता तो स्वतः होता; पूर्वी कधीतरी बाप्तिस्म्याच्या कुंडातून त्याला क्लोथारनेच उचललं होतं.